शेफारेल म्हणून

बाजारात वालाच्या शेंगा आल्या की आमच्या कर्जतमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात. ओट्याओट्यावर बायका शेंगा सोलायला बसतात आणि आतल्या खोलीत पोरांच्या मागे अभ्यासाचा लकडा लागतो. नदीचं पाणी खाली गेलेलं असतं, आंब्यांना मोहोर धरलेला असतो. दुपारच्या वाऱ्याबरोबर दहिवलीकडून पाल्याचा आणि शेणाचा वास येतो. तिकडे शेतकरी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, म्हणजे राबाची, तयारी करत असतात. पुढे तो राब भाजतात, तेव्हा धुराचा वास येतो आणि तोवर परीक्षा दाराशी आलेली असते. इतकी वर्षं या गावात काढल्यावर मला कॅलेंडर लागत नाही, नाकच पुरतं.

याच सुमाराला शाळेचे हल्लीचे मुख्याध्यापक माझ्याकडे येतात. ते माझेच विद्यार्थी. चहा होतो, प्रकृतीची चौकशी होते आणि मग ते मुद्द्यावर येतात, की सर, दहावीच्या मुलांना उत्तेजनाचे दोन शब्द सांगायला या. मी दरवर्षी एक सबब काढतो. कधी गुडघा, कधी खोकला. एकदा पाहुणे येणार आहेत म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी कुणी येऊ नये म्हणून दार लावून बसलो. यंदा घसा बसल्याचं सांगितलं, तेही खणखणीत आवाजात. ते बिचारे हसले आणि गेले. म्हातारा तऱ्हेवाईक झालाय, असं त्यांनी मनात म्हटलं असेल. त्याला माझी हरकत नाही. उत्तेजन या विषयावर बोलायची मला लाज वाटते, हे मी त्यांना कसं सांगणार?

मी घाट उतरून इथे आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. लढाईचे दिवस होते. रॉकेल मोजून मिळे, कागद तर दिसेनासाच झाला होता. मुलं आधी पेन्सिलीने लिहीत आणि मग त्याच कागदावर शाईने. मला मॅट्रिकच्या वर्गाचं गणित मिळालं. अंगावर नवा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि तोंडात घाटावरची जीभ. ती जीभ माझी एकट्याची नव्हती, वारशानेच आलेली होती. मी शाळेत असताना आमच्या मास्तरांनी भर वर्गात मला सांगितलं होतं, की तू जन्मभर म्हशी राखणार आणि त्याही दुसऱ्याच्या. त्या रागाने मी अभ्यास केला आणि पहिल्या झटक्यात मॅट्रिक झालो. पेढे घेऊन गेलो तर मास्तर म्हणाले, नशीब काढलंस. ते आत वळले तेव्हा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते, हे मात्र मी पाहिलं. त्या दिवसापासून माझी खात्री झाली की विद्यार्थी घडवायचा तर असाच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवली होती. पुसणाऱ्या पोराला ती पुसायची मनाई होती.

आणि मी काही जगावेगळा नव्हतो. मास्तरांच्या खोलीत सगळ्यांचा हाच शिरस्ता. तोंडावर स्तुती केली की पोर शेफारतं, अभ्यास सोडतं, वर दृष्ट लागते ती वेगळीच. घरची माणसंही तसंच वागत. पोराला चांगले गुण मिळाले तर आई म्हणे, कार्ट्याचा पेपर आंधळ्याने तपासला वाटतं. बाप शाळेत येऊन विचारी, काय मास्तर, आमचा टोणगा निघतोय का पलीकडे? मी म्हणे, काही भरवसा नाही, फार कच्चा आहे. मग स्टेशनावरचा पार्सल कारकून काय किंवा पेठेतला दुकानदार काय, खुशीत घरी जाई. मास्तर एवढं बोलले म्हणजे पोराकडे लक्ष आहे, हे त्याला कळे. घरी गेल्यावर पोराची दोन तास ज्यादा बैठक लागे. आम्हा सगळ्यांना ती भाषा पाठ होती. कच्चा म्हणजे बरा, भरवसा नाही म्हणजे पास होईल, आणि मास्तर गप्प बसले तरच काळजी करायची. ही भाषा शिकवावी लागते, ती सगळ्यांनाच येत नसते, असं माझ्या मनातही आलं नाही.

त्या वर्षीच्या वर्गात चांगुणा होती. दहिवलीच्या राघो नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. वर्गात मुली तिघीच. बाकीच्या दोघी गावातल्या, नोकरदारांच्या. चांगुणा रोज नदी ओलांडून यायची, पायाला चिखल, हातात वहाणा. शाळेच्या नळावर पाय धुऊन मग वर्गात शिरायची. शेतकऱ्यांच्या घरातली मुलगी इंग्रजी शाळेत आणि तीही मॅट्रिकला, हे त्या वेळी आमच्या बाजूला कुणी पाहिलेलं नव्हतं. तिला शाळेत घालण्याची गोष्ट राघोच सांगायचा. श्रावणात देवळात पोथी चालू असताना वाचणारे काका तापाने पडले आणि नऊ वर्षांची ही पोर पुढे होऊन अख्खा अध्याय न अडखळता वाचून गेली. बायाबापड्यांनी तिच्या पुढ्यात तांदूळ ठेवले. त्या दिवशी राघोच्या डोक्यात जे शिरलं ते निघालं नाही. भावबंद हसले, थोरला भाऊ तर वर्षभर त्याच्याशी धड बोलला नाही. पण राघो दर जूनला पोरीला घेऊन शाळेच्या दारात हजर असायचा.

चांगुणा बोलायची कमी. गणित मात्र असं करायची, की मी फळ्यावर उदाहरण लिहून हाताचा खडू झटकेपर्यंत तिची पेन्सिल थांबलेली असे. वर मान करायची नाही, आपण सोडवलं असं दाखवायची नाही. मी मुद्दाम तिच्या बाकाजवळून जायचो, वहीत डोकावायचो आणि म्हणायचो, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वर्ग हसायचा. ती पदराने घाम टिपायची आणि दुसऱ्या दिवशी खरंच अक्षर जरा बरं काढून आणायची. मला त्याचं काय समाधान वाटायचं!

तेव्हा मॅट्रिकला कुणाला बसवायचं हे शाळा ठरवी. आधी शाळेची पूर्वपरीक्षा, त्यात जे निभावतील त्यांचे फॉर्म भरायचे. त्या पूर्वपरीक्षेत मी भूमितीचा एक रायडर, म्हणजे प्रमेयावर बेतलेलं अवघड उदाहरण, घातला होता. मला स्वतःला तो सुटायला तासभर लागला होता आणि त्याचा मला गर्व होता. वर्गातल्या मुलांनी त्याला हातच लावला नाही. चांगुणाने तो सोडवला, आणि माझ्यापेक्षा एक रेषा कमी काढून सोडवला. पेपर तपासताना मी खुर्चीतून उठलो. तसाच हेडमास्तरांकडे गेलो, कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, ही मुलगी नुसती पास व्हायची नाही, शाळेचं नाव काढील. त्यांनी चष्मा पुसून कागद दोनदा पाहिला. म्हणाले, खरं आहे. मग लगेच म्हणाले, पण तिला बोलू नका, शेफारेल. मी म्हटलं, छे हो, मी कशाला बोलतोय. आणि परत येऊन त्या पेपरावर लाल शाईने लिहिलं, ‘अक्षर सुधारा. घाई नको.’ त्या दोन वाक्यांपलीकडे तिला माझ्याकडून काही मिळालं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

फॉर्म भरायला तीन दिवस उरले असताना राघो माझ्या बिऱ्हाडी आला. दुपारची वेळ होती. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला मुंडासं, हातात वालाच्या शेंगांचं गाठोडं. ते त्याने उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि स्वतः ओट्याच्या कडेला टेकला. मी आत ये म्हटलं, पण तो आला नाही. बराच वेळ शेंगांबद्दल बोलला. यंदा दंव चांगलं पडलं, वाल गोड आहे. मग त्याने खरी गोष्ट काढली. थोरल्या भावाने घरात शब्द टाकला होता, की आता पोरीचं शिकणं पुरे. परीक्षा पुण्याला, तिथे पोरीला घेऊन आठवडाभर राहायचं, आणि एवढं करून नापास झाली तर चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. राघोने भावाला उत्तर दिलं होतं, की मी मास्तरला विचारतो, मास्तर सांगेल तसं करू.

“मास्तर, तुमी येकदा तुमच्या तोंडानं म्हना, पोर पास व्हईल. बास. मंग मी दादाला गप करतो.”

मला आजही तो चेहरा दिसतो. उन्हाने रापलेला, दाढीचे पांढरे खुंट, आणि डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. त्याला माझ्याकडून एक शब्द हवा होता. तो शब्द माझ्या जिभेवर होता, मी तो आठ दिवसांपूर्वी हेडमास्तरांपुढे उधळला होता. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं तेही सांगून टाकतो, लपवून आता काय करायचंय? मला वाटलं, याला होईल म्हटलं तर हा घरी जाऊन सांगेल, पोर हवेत जाईल, उरलेल्या दिवसांत पुस्तकाला हात लावायची नाही. तेव्हा जरा घाबरवलेलं बरं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“काही भरवसा नाही, राघो,” मी म्हणालो. “फार कच्ची आहे.”

मी वाट पाहिली. पेठेतला दुकानदार इथे हसला असता, म्हणाला असता, मास्तर, धरून कुटा तिला. राघोने मुंडासं काढलं, झटकलं, परत बांधलं. उठताना म्हणाला, “बरं झालं, खरं बोललात,” आणि निघाला. शेंगांचं गाठोडं तिथेच राहिलं. मी ते आत नेलं आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंकडून त्याची उसळ करून घेतली. चवीने खाल्ली. आता पोरगी कशी नेटाने अभ्यासाला लागेल, या विचारात होतो.

दुसऱ्या दिवशी चांगुणा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुपारच्या टपालाने फॉर्म जायचे होते. हेडमास्तरांनी विचारलं, त्या मुलीची सही राहिली आहे, कुणाला पाठवू का? दहिवली म्हणजे काही लंका नव्हे. नदी ओलांडली की पंधरा मिनिटांची वाट. मी स्वतः उठून गेलो असतो तरी तासाभरात तिला घेऊन परतलो असतो. पण मी म्हणालो, गरज त्यांना आहे, येतील. मास्तराने विद्यार्थ्याच्या दारात जाऊन विनवण्या करायच्या म्हणजे आपली पायरी सोडल्यासारखं होतं, असं मला वाटलं. त्या पायरीवर मी टपाल जाईपर्यंत बसून राहिलो. गाडी आली, घाटासाठी मागे जादा इंजिनं जोडली गेली, नेहमीसारखी शिट्टी झाली. पंचांच्या जागी बसलेल्या माणसाला आपण निकाल देतोय हे निदान माहीत असतं. मला तेही ठाऊक नव्हतं. म्हणजे तेव्हा ठाऊक नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आज लिहायला बसल्यावर वाटतं, थोडंसं ठाऊक असावं. नाहीतर ती शिट्टी माझ्या एवढी लक्षात का राहिली असती?

आठ दिवसांनी मी नदी ओलांडून गेलो. बैल गेला आणि झोपा केला. वाटेवरच चांगुणा दिसली. राबासाठी तोडलेल्या फांद्यांचा भारा तिच्या डोक्यावर होता, पानांनी चेहरा अर्धा झाकलेला. मला पाहून थांबली, भारा सावरला. मी विचारलं, शाळेत का येत नाहीस? तिला नवल वाटलेलं दिसलं. “तुमीच तर बाबांना सांगितलंत ना, सर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. फॉर्म गेलेच होते. पुढच्या वर्षी बघू, असं मी काहीतरी पुटपुटलो. ती हो म्हणाली आणि मान ताठ ठेवून, भाऱ्याखालून, चालू लागली. राघो शेतात पलीकडच्या टोकाला होता. त्याने दुरून हात जोडले. मी त्याच्यापर्यंत गेलो नाही. पायात काटा मोडल्यासारखं करून वळलो.

जूनमध्ये निकाल लागला. बसलेली बरीच मुलं पास झाली, शाळेत पेढे वाटले गेले. जो मुलगा रायडरकडे बघून घाम पुसत बसला होता, तोही सुटला. हेडमास्तर पेढा हातात धरून मला म्हणाले, ती तुमची मुलगी बसली असती तर आज फोटो काढला असता हो, काय झालं तिचं? मी म्हणालो, घरचे अडाणी. काय करणार. त्यांनी मान हलवली, मीही हलवली आणि पेढा खाल्ला.

या वाक्याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. चूक कुणाच्याही हातून होते. पण ज्याने भावबंदांचं हसू सोसून पोरीला मॅट्रिकपर्यंत आणलं, त्या माणसाला अडाणी म्हणून मी मोकळा झालो. अडाणी तो नव्हता. त्याने शिकलेल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि शिकलेला माणूस बोलतो एक, त्याच्या मनात असतं दुसरं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

फळ्यावरची म्हण मी त्या जूनमध्ये पुसली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढच्या वर्षापासून मी मुलांना सांगायला लागलो, तुला येतंय, तू होशील. सुरुवातीला जीभ वळत नसे. मुलंही बावरून बघत, सरांना ताप आलाय की काय म्हणून. पण हळूहळू सवय झाली, त्यांना आणि मलाही. पुढे मी प्रेमळ मास्तर म्हणून नाव मिळवलं. उत्तेजन द्यावं तर यांनी, असं लोक म्हणू लागले. ते नाव मला कुणाच्या जिवावर मिळालं, हे मला एकट्याला माहीत आहे, आणि मुख्याध्यापक चहा पिऊन गेले की दरवर्षी ते नव्याने आठवतं.

चांगुणा मला आणखी एकदाच भेटली. स्वराज्य येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माझं खालापूरला कचेरीत काही काम होतं. बाहेर वडाखाली माणसांचा घोळका, त्यात एक म्हातारी हातात जमिनीचा कागद घेऊन रडकुंडीला आलेली. तिच्या चार मुलांत वाटणी व्हायची होती आणि तीन एकर सात गुंठ्यांत प्रत्येकाला किती, हे तिला कुणी नीट सांगत नव्हतं. तिच्याशेजारी कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती. तिने कागदावर नजर टाकली, मुलाच्या नाकाला पदर लावला आणि म्हणाली, “एकतीस गुंठे बारा आणे, आत्या.” गुंठ्याचे सोळा आणे धरून मी मनात हिशेब करू लागलो. तो पुरा होऊन तिचं बरोबर निघेपर्यंत तिने मला ओळखलं होतं.

ती पुढे आली आणि भर कचेरीसमोर वाकून पाया पडली. खालापूरजवळच दिली होती तिला. घर बरं होतं, नवरा शेती करायचा. राघो गेल्या पावसाळ्यात वारला होता. “बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे,” ती म्हणाली. “म्हनायचे, मास्तर खरा मानूस. वेळेवर सांगितलंन, नायतर पोर पुण्याला जाऊन नापास झाली असती नि दादापुढं माझी मान खाली गेली असती.” मी तोंड उघडलं. आता सांगावं, असं वाटलं. रायडरचं सांगावं, त्या एक रेषा कमीचं सांगावं. पण सांगितलं असतं तर तिच्या मेलेल्या बापाचा खरा माणूस तिथल्या तिथे मेला असता, आणि माझ्यात तेवढी छाती नव्हती. मी हात वर करून म्हणालो, सुखी राहा.

ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. मुलगी या कडेवरून त्या कडेवर घेतली.

“सर, येक इचारू? हिला मी शाळेत घालनार हाय, म्हनून इचारते. माझं नेमकं काय कच्चं होतं?”

काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. ती वाट पाहत उभी होती, बापासारखीच, माझ्या तोंडाकडे बघत. मी गणिताचा मास्तर. दुसऱ्या कुठल्या विषयाबद्दल बोलायचा मला अधिकार तरी काय होता?

“गणित,” मी म्हणालो.

ती हसली, जराशी ओशाळून.

“आसंल,” ती म्हणाली. “मला आपलं उगाच वाटायचं, तेवढं येक तरी येतंय.”